सासूबाईंना विचारायचे शब्द

अध्यक्ष मर्विनदादा, मंचावरची पाहुणे मंडळी, माझ्या वडिलांच्या कुळातले काका-आत्या, आणि आज बास्केटबॉल सोडून या हॉलमध्ये बसलेल्या मुलांनो,

एकतीस वर्षं या शाळेत आपल्या जमातीची अप्सालुके भाषा शिकवून ज्या निवृत्त होत आहेत, त्यांचं नाव मी घेणार नाही. त्या माझ्या सासूबाई. आपल्या रीतीत जावयानं सासूशी बोलायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही. म्हणून त्या मागे भिंतीकडे तोंड करून बसल्या आहेत, आणि त्यांचा गौरव मी तुम्हाला ऐकवतो आहे. गैरसोय आहे. पण हा मान आहे, हे तुम्ही जाणता.

हिवाळ्यात त्या आजारी पडल्या आणि वर्ग माझ्याकडे आला. माझी भाषा घरापुरती, शिकारीपुरती. एका मुलीनं विचारलं, "वितळून पुन्हा गोठलेला बर्फ, कुत्रा वरून जातो आणि माणूस आत रुततो, त्याला काय म्हणायचं?" मला येईना. उत्तर शेजारच्या घरात होतं. मी बायकोला म्हटलं, "शार्मेन, आईला विचार."

"तिला ताप आहे. उद्या बघू."

शब्द आला तेव्हा अंगणात चिखल झाला होता. मुलीनं तो वहीत उतरवला. बर्फावर उभं राहून तिला तो म्हणता आला नाही.

असे किती शब्द मी निरोपावर मागवणार? आणि त्या नसतील तेव्हा कुणाकडून? शाळा समिती म्हणते, सोमवारपासून वर्ग तू घे, नाहीतर बंद करावा लागेल. दुसरं कुणी नाही. आठवडाभर मी एका जागी बसलेलो नाही.

माझी चेष्टा करायचा नात्यानंच हक्क असलेला लेस्टर काल पेट्रोल पंपावर चारचौघांत ओरडला, "काय मास्तर! बायको घरी असेल तरच धडा पुढे सरकतो म्हणे!"

मी म्हटलं, "मग बोलू सासूशी?"

त्याचं हसू थांबलं. "बोल की लेका. पोरांना रीत शिकवायला दुसरा मास्तर बघू."



घोडा देऊन जावयाला बोलण्याची मुभा मागता येते, असं जुनी माणसं सांगतात. सासूनं तो घेतला तर. वर्गासाठी कुणी मागितल्याचं मात्र मी ऐकलेलं नाही. ही रीत पाळणं झालं की तिच्यातून पळवाट काढणं? मला ठरवता आलेलं नाही. तरी माझी तांबडी घोडी बाहेर बांधली आहे. शार्मेन, हा लगाम आईपुढे धर. त्यांनी घेतला तर सोमवारी मी वर्गात उभा राहीन, कारण मला विचारता येईल. नाही घेतला, तर समितीनं माझ्यावर विसंबू नये.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. काही अधिकउणं बोललो असेन तर पोटात घाला. मी आता मान खाली घालतो. मुलांनो, मागे वळा. काय होतं ते तुम्ही बघा.