यंदा ज्वारी कापायची

बजाबाई : कागद ठेव बाजूला, ऋतुजा. तुझा मानसिंगमामा ट्रॅक्टर घेऊन निघालाय. उभी ज्वारी मोडायची का न्हाय, एवढंच सांग.

ऋतुजा : नाही मोडायची. आजी, पहिला रिपोर्ट मीच चुकवला.

बजाबाई : आगं बया! गेल्या आठवड्यात तूच म्हनालीस की, ज्वारीत इख हाय. माझ्या सासऱ्यानी कापसाच्या औषधाचे डबे रानात पुरले, त्यातलं आर्सेनिक मातीत उतरलं म्हनून. तवापास्नं घास गिळंना मला.

ऋतुजा : मातीत आहेच. पण तू उपटून दिलेली ताटं मी लॅबमध्ये मुळासकट दळली. लहानपणापासून पेंढीला मुळं बघितलेली, वेगळी काढायचं डोक्यातच आलं नाही. लॅबमधले सर म्हणाले, तुमच्या होटगीत मुळंही खातात का?

बजाबाई : आमच्यात उपटूनच काढत्यात! आता ढकल म्हातारीवर.

ऋतुजा : चूक माझीच. परत तपासलं. मुळं वेगळी, ताट वेगळं, दाणे वेगळे. तीनदा. जवळजवळ सगळं आर्सेनिक मुळांतच अडकलंय. दाणा चांगला आहे.

बजाबाई : पानी वर चढतंय, मग इख का चढंना?

ऋतुजा : मूळ आधी फसतं. खत समजून आत घेतं. मग त्याचं रूप बदलून बरंचसं परत मातीत हाकलतं. उरलेलं गंधकाच्या दाव्यानं बांधून स्वतःच्याच पेशींत कोंडून ठेवतं. थोडं निसटतं वर, पण ते मर्यादेच्या खूप खाली आहे.

बजाबाई : घरातली थोरली सून की गं ही! भांडान उंबऱ्यातनं माघारी, न्हाय गेलं तर पोटात ठेवायचं.

ऋतुजा : सगळी पिकं अशी नसतात हं. भात असता तर मी हो म्हटलं नसतं, पाण्यात उभा राहून तो जास्त ओढतो. आणि डबे पुरले त्या कोपऱ्यातली ज्वारी घरात आणायची नाही.

बजाबाई : ती सोडली. म्हशीचं काय? ती कडबा मुळासकट खाती.

ऋतुजा : म्हणून यंदा उपटायचीच नाही. विळ्यानं कापायची. मुळं रानात राहू देत.

बजाबाई : कापायची? गाव हसंल की मला!

ऋतुजा : हसू दे.

बजाबाई : बरं. आता माझ्याकडं बघून सांग. तुझ्या युवराजला घालशील हिची भाकर?

ऋतुजा : चार दात आलेत त्याला. पहिली भाकरी दुधात कुस्करून त्यालाच.

बजाबाई : मग लाव मामाला फोन. म्हनावं, ट्रॅक्टर माघारी ने आन् इळ्यांना धार लावून आन.

ऋतुजा : तू कापणार?

बजाबाई : छ्या! माझे हात उपटायलाच जातील. मी बांधावर बसते. कुनी मूळ उपटलं की तितनंच वरडते.