फुकट गेलेला हप्ता

दूध सोसायटीच्या ओट्यावर जनावरांचा विमा उतरवायला रांग लागली होती. माझ्या पुढं एक म्हातारी होती आणि तिच्या मागं, तिच्या लेकीच्या वयाची, तांब्या घेतलेली बाई.

"सुंदरे, औंदा इमा इतका महाग कावून केला गं?"

"दुष्काळात लई जनावरं दगावली, साखरामावशी. तितक्यांचं भरून द्यावं लागलं."

"माझी म्हैस तर धडधाकट हाय. दरसाल तिच्या कानात बिल्ला मारून घेते, हप्ता भरते, अन् सगळा फुकट जातो."

"चारा छावणीत माझी म्हैस मेली, तवा तुमीच आलता की."

"आलते. बिल्ल्याचा कान कापून दावल्याबिगर पैसे मिळत न्हाईत, अन् तुझा हात धजंना. मीच कापला."

"त्या पैशातनं दुसरी म्हैस घेतली. पैसा कुणाचा व्हता, मावशी?"

"इमावाल्यांचा."

"त्यांच्याकडं कुठून आला? ज्यांची जनावरं जगली, त्यांनी भरलेला. तुमचा बी त्यातच व्हता."

"असं म्हन्तीस?"

"काल तीच म्हैस व्याली. धरा हा तांब्या. पहिला चीक हाय."

"अगं, पहिला चीक देवाला न्यावा."

"देवाचा काढून ठिवलाय. हा तुमच्या मानाचा."

म्हातारीनं तांब्या पदराखाली धरला. तेवढ्यात तिचा नंबर आला.

"नाव सांगा, आजी."

"साखराबाई. एक म्हैस हाय. अन् सायेब, औंदा बी माझा हप्ता फुकटच जाऊ द्या."