येळवसच्या साठ भाकऱ्या

महेश्वरी : हसू नका हो आई! डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणजे चालायला सांगितलंय. भाकऱ्या थापायला नाही.

सुंदरम्मा : अगं, साठ भाकऱ्या म्हंजे हात, खांदे, कंबर, सगळ्याचाच व्यायाम की. मी कवा गेले जिमला?

महेश्वरी : गेल्या येळवसला, वेळा अमावस्येच्या सणाला, केला की हा व्यायाम. आदल्या दिवशी साठ थापल्या. सकाळी तुम्ही सगळे शेतावर गेलात आणि मला कूस बदलता येईना. माझ्या गुरुशांतची शेतातली पहिली पूजा मी मोबाईलवर बघितली.

सुंदरम्मा : लई रडला त्या दिवशी. आई पायजे म्हणून.

महेश्वरी : यंदा मला जायचंय. भाकरी नाहीतर शेत, एकच जमेल.

दाक्षायणी : (दारातून) सुंदराक्का, हाय का घरात? अगंबाई, सूनबाई तर किती ताजी दिसतीय! आजारी म्हणं ना?

महेश्वरी : या, काकू. फायब्रोमायल्जिया म्हणतात त्याला.

दाक्षायणी : रिपोर्टात काय निघालं?

महेश्वरी : काहीच नाही. सगळे रिपोर्ट चांगले.

दाक्षायणी : मग झालं की!

सुंदरम्मा : काय झालं? काल तुझं डोकं दुखत हुतं, त्याचा रिपोर्ट आण बघू.

दाक्षायणी : अय्यो, डोकेदुखीचा कुटं रिपोर्ट असतोय?

सुंदरम्मा : तसंच हाय. तिचं अंगभर दुखतंय. पोरगं पळत येऊन बिलगलं तरी कळ निघती. आपल्याला टिचकी, तिच्या नसांना दणका.

महेश्वरी : आई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

सुंदरम्मा : तूच की, रिक्षात. मी बाहेर बघत हुते, पण कान आतच हुते.

दाक्षायणी : मग येळवसला भाकऱ्या इकतच्या आणणार व्हय?

सुंदरम्मा : इकतच्या? माझ्या घरात? शिव शिव!

महेश्वरी : आई, कडक भाकरी किती दिवस टिकते?

सुंदरम्मा : महिनाभर. नीट वाळली तर जास्तच.

महेश्वरी : मग साठ एकाच दिवशी का थापतो आपण?

सुंदरम्मा : ...माझ्या सासूनं तसंच शिकवलं.

महेश्वरी : त्यांनी का?

सुंदरम्मा : त्यांना इचारायची कुणाची छाती! थांब. येळवसला पंधरा दिवस हायेत. रोज चार.

महेश्वरी : आणि चार झाल्या की उठायचं.

सुंदरम्मा : अंगात जोर असला तर सहा कर की.

महेश्वरी : जोर असतो तेव्हाच उठायचं, आई. बऱ्या दिवशी जोर आहे म्हणून जास्त केलं, की पुढचे तीन दिवस अंथरुणात.

सुंदरम्मा : बरं बाई, चार. पाचवी थापलीस तर लाटणं माझ्या हातात.

दाक्षायणी : अक्का, मी बी उद्यापासनं चारच करते. माझी बी कंबर लई बोलती.

महेश्वरी : (हसत) पण आई, शेतावर आल्यावर मी नुसती बसले तर जावा-नणंदा बोलतील.

सुंदरम्मा : बसायचं कशाला? पोटभर जेवायचं, कोवळ्या उन्हात सतरंजी टाकायची, आडवं व्हायचं.

महेश्वरी : आणि कुणी काही म्हटलं तर?

सुंदरम्मा : मला हलवून उठव. मी शेजारीच झोपलेली असंन.