काकीचा हिरवा रंग

तळवलीच्या गॅरेजात पंक्चरसाठी थांबलो होतो. शेजारी अल्तमश मिस्त्री कमळाकरकाकांची जुनी मोटरसायकल उघडून बसला होता.

"काका, बल्ब नवा, बॅटरी नवी, तरी लाइट मंद. कधीपासून?"

"गनपतीपासून. घर रंगवला, रंग उरला, तं तुझे काकीनं ब्रश घेऊन हिला पन हिरवी केली."

"काकीने बोल्टलापण मारलाय! अर्थिंगची वायर रंगावर बसलीय, करंट जाणार कुठून? तेवढाच रंग खरवडतो."

"हात नको लावू! आधी तिला इचारतो."

काका फोन घेऊन रस्त्यापलीकडे गेले. बराच वेळ नुसती मान हलवत होते. परत आले.

"काय बोलली काकी?"

"बोलली, गाडी दिवसाच चालवायची."