नाक कुणावर गेलंय?

इस्पितळातल्या औषधांच्या रांगेत माझ्या पुढे एक आजी उभ्या होत्या. जिन्यावरून त्यांचे व्याही धापा टाकत आले.

"विहीणबाई, आज माझी पार शोभा झाली!"

"आता काय केलंत? नात बरी आहे ना?"

"ऐका तर. सातव्या महिन्यातच जन्मली म्हणून नऊ दिवस नाकाला ती हवेची नळी, आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडबुडतंय. आज काचेतून बघतो, तर बुडबुडे बंद!"

"अगंबाई!"

"चाळीस वर्षं माशांच्या टाक्या विकल्या मी. बुडबुडे थांबले की मासे गेलेच समजायचे. 'सिस्टर, हवा बंद पडली!' असा ओरडलो, की सगळा मजला गोळा झाला."

"आणि सिस्टर?"

"हसायला लागली. म्हणाली, 'आजोबा, नळी आम्हीच काढलीय. आता तिची ती श्वास घेतेय. नऊ दिवस बाटलीच बघताय, जरा नातीकडे बघा!'"

"अहो, मग हे आधी सांगायचं! माझा जीव टांगणीला लावलात. बघितलंत का तिच्याकडे?"

"बघितलं की. नळीखालचं नाक आज पहिल्यांदा दिसलं."

"कुणावर गेलंय? खरं सांगा हं."

"तुमच्यावरच. चांगलं नकटं आहे."

"असू दे हो नकटं! चालतंय ना?"

"झकास चालतंय."

"मग धरा ही चिठ्ठी आणि राहा उभे रांगेत. मी चालले माझं नाक बघायला."