भंडाऱ्यातला शिंगाड्या

न्हाय, हरवला असता तर मी सोसलं असतं! हरवल्याचं बरं असतंय वो, माणूस दोन दिस रडतो, चार दिस हुडकतो, मग भाकरी परत गोड लागाय लागती... पण माजा शिंगाड्या हरवलाच न्हाय! कुठं हाय ते ठावं हाय, पण घेता येत न्हाय. अठ्ठावीस वरसं झाली, तुमाला सांगतो, अठ्ठावीस!

शिंगाड्या कोण म्हणता? आता मुळापासनं सांगाय लागतंय... मी सावळाराम, लासुर्ण्याचा. शहाण्णव सालची गोष्ट, उन्हाळ्यात मामानं बारामतीला टॉकीजात नेऊन इंग्रजी पिक्चर दाखवला. माणसं गोरी, बोलत्यात हिंदी, तोंड मिटलं तरी आवाज चालूच! पाच शिपाई अन् त्यांचा एक वैरी, काळ्या घोड्यावर, डोक्याला शिंगांचं टोपडं, हातात ही एवढी तलवार. ह्योच शिंगाड्या. शेवटी घोड्यासकट दरीत पडतो, तवा आमी बाकावर उभं राहून शिट्ट्या मारल्या.

अन् जूनमधी वालचंदनगरला पाचवीत बसलो, तर शेजारच्या बाकावर कोण? युवराज! कॉलनीतल्या साहेबाचं पोरगं. ह्याच्या काकानं मुंबईवरनं त्याच पिक्चरचे सहाच्या सहा गडी आणल्याले. प्लास्टिकचे, बोटाएवढे, पण गुडघे वाकायचे, माना वळायच्या... माजी झोपच उडाली! पयले पाच सोप्पे गेले. एक पेरूवर, एक शेंगांवर, एक मक्याच्या कणसांवर, एक सीताफळांवर, अन् एका गड्यापायी माजा भोवरा गेला. शिंगाड्याला मात्र ह्यानं हात आखडला. 'तो नाही हं देणार, त्याला घोडा आहे!' असं बोलायचा, पुस्तकातल्यावाणी. मग आठ दिस इचार करून म्हणतो, 'अंडी आण. आमच्याकडे अंडं म्हटलं तरी आई घरभर गोमूत्र शिंपडते.'

आता काय करता? गेटाबाहेर आम्लेटचा गाडा, तितं मधल्या सुट्टीत युवराज आम्लेट खाणार अन् अंडी माज्या दप्तरातनं, महिनाभर! एकदा भूगोलाच्या पुस्तकात फुटलं, तवापासनं आमचा अख्खा महाराष्ट्र पिवळा.

घरी बा हैराण. 'मुंगूस हाय, मुंगूस!' पिंजरा लावला, त्यात शेजारच्या द्वारकाबाईचं मांजर घावलं, तिनं आठ दिस शिव्या घातल्या. मग बाचा संशय थेट कोंबडीवर. 'फुकट दाणं खाती भवानी!' अन् कापली की वो! माज्या पापापायी गेली बिचारी. रस्सा म्होरं आला, घास गिळवंना... न्हाय, खाल्लं. रडत खाल्लं, पण खाल्लं. तंगडी माजीच होती.

शिंगाड्या हाती आला तो चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी. आता सहाही एका रांगेत उभं करायचं, बस्स, एवढंच मागणं होतं माजं! पण कोंबडी गेली तरी बाकीच्यांची अंडी जातच होती, तवा बाचा डोळा आता माज्या दप्तरावर. गडी घावला तर 'कुठनं आणला?' मग अंडी निघणार, मग कोंबडी निघणार... मग मी शहाण्यानं काय केलं? देव्हाऱ्यातल्या भंडाऱ्याच्या डब्यात खुपसला. म्हणलं, हळदीत कोण हात घालतंय?

चंपाषष्ठीला घालत्यात वो! धनगराच्या घरात जलमून मला एवढं कळू नये? सकाळी तळी भरायला आईनं डबा उघडला अन्... 'अगं बया बया! अवो, हिकडं या, मल्हारी आला!' आईचं नावच म्हाळसा, तिला घोड्यावरचा माणूस दिसला की दुसरं काय सुचणार?

बा डोळं बारीक करून म्हणतो, 'देवाचा घोडा पांढरा असतुया. ह्यो काळा दिसतुया.'

'पिवळा हाय की!'

'शिंगं हायेत त्याला.'

'शिंगं न्हवं, शिरपेच हाय! पाया पडा आधी!'

बा पडला. अन् मी? मी काय बोलणार, तोंड उघडलं तर कोंबडी निघतीय! मी बी पडलो.

बरं, आता चोरायचं कारणच संपलं, तवा दुसऱ्या दिवसापासनं डालग्यात अंडीच अंडी! 'देव पावला!' द्वारकाबाई गल्लीभर सांगत सुटली. जिची कोंबडी अडली ती बाई नारळ घेऊन आमच्या दारात. अख्ख्या पिक्चरभर मार खाल्ला ह्यानं, अन् लासुर्ण्यात नारळ फोडून घेतोय! कुठं हाय ते ठावं हाय, पण घेता येत न्हाय.

पाच ट्रंकेत, सहावा देव्हाऱ्यात. दहावी झाली, मिशा आल्या, लगीन झालं. नवरा-नवरी देवाला बसलो तर म्होरं कोण? शिंगाड्या! बायकूला, स्वरूपाला, सगळं खरं सांगितलं, म्हणलं ही तरी माज्या बाजूनं बोलंल. ती म्हणती, 'गप बसा. कोंबड्या अंडी देत्यात नव्हं?'

गेल्या दसऱ्याला घर आवरताना ट्रंक उघडली. पाची गडी, रंग उडालेले, एकाचा हात गेलेला... लई वाईट वाटलं. अडतीस वरसाचा बाप्या मी, पण खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. म्हणलं, त्यो भाईर येत न्हाय, तर ह्यांनी आत जावं! घरात कुणी न्हाय, दोनच मिण्टं, पाचीला नेऊन शिंगाड्याशेजारी उभं केलं. सहा! एका रांगेत! जलमात पयल्यांदा! मी गुडघ्यावर बसून बघतोच हाय, बघतोच हाय...

अन् मागनं आई. मोतीबिंदू झालाय, पण नको तवा बरोबर दिसतंय! 'अगं बया! देवाचं सैन्य आलं!' मी काय म्हणायच्या आत मूठभर भंडारा... 'यळकोट यळकोट जय मल्हार!' झालं. पाची गेले.

आता दर रविवारी सहा जणांना आंघोळ घालायचं काम माज्याकडं, ते बी उपाशीपोटी. का, तर 'तुलाच दिसले बाबा, तुज्यावर किरपा हाय!' सेट पुरा झाला, मी कुठं न्हाय म्हणतोय? पण परवा माजा ऋतिक, ह्यो बी आता पाचवीलाच हाय, देव्हाऱ्याम्होरं येऊन उभा ऱ्हायला. 'पप्पा, त्यो घोडंवाला एकदा खेळायला द्या की.' त्याच्या तोंडाकडं बघितलं, तर माजंच तोंड वो! मागं आई, दारात स्वरूपा, अंगणात कोंबड्या...

म्हणलं, 'आधी आंघोळ करून ये. अन् पाया पड.'