पडद्याखाली दिसणारे पाय

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, आजचे सत्कारमूर्ती आमचे सर, पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या पत्नी, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या काकू, आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

सरांनी चौतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. माणसाला काय कळू शकतं, त्यानं कसं वागावं, सुंदर कशाला म्हणावं, हे अडीचशे वर्षांपूर्वीच्या विचारवंतांचे प्रश्न. त्यांच्या तासाला डुलक्या काढणारेही सभागृहात आहेत; मी बोट दाखवत नाही! मी बोलणार आहे फक्त एका तासाबद्दल.

बावीस वर्षांपूर्वी मी शेवटच्या वर्षाला होते. वसतिगृहाच्या दूषित पाण्यानं चार मुली आजारी पडल्या. त्यातली एक, माझ्या शेजारच्या खोलीतली, गेली. त्याबद्दल संस्थेला जबाबदार धरणारा, हातानं लिहिलेला निनावी लेख सूचनाफलकावर लागला. दुसऱ्याच दिवशी तो फाडून, अक्षर जुळवत संस्थेची माणसं वर्गावर्गांत फिरू लागली.

दुपारचा तास होता. खिडक्या बंद करून सर पडद्यावर समुद्रातल्या वादळाचं चित्र दाखवत होते. म्हणाले, "हे भव्य वाटतंय ना? कारण तुम्ही कोरडे आहात. बोटीतल्या माणसाला विचारा."

तेवढ्यात बाहेर बुटांचे आवाज आले. मी उठले आणि पडद्यामागे शिरले. पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता, हे मला आत गेल्यावर कळलं. माझे पाय सगळ्यांना दिसत होते.

मला काहीच दिसत नव्हतं. नुसते आवाज. किती जण आहेत? कुठे बघताहेत? मन एकेका आवाजाला चेहरा देत होतं, आणि तो प्रत्येक चेहरा माझ्याकडेच वळलेला होता.

"हे अक्षर कुणाचं?"

तीन वर्षं सरांनी माझे पेपर तपासले होते.

"ओळखतो," सर म्हणाले. "पण सांगणार नाही."

काहीतरी सणकन वाजलं. टेबल सरकलं. मग सरांचाच आवाज, "चला, बाहेर बोलू." बूट दूर गेले. मी बाहेर आले नाही. तास संपल्याची घंटा झाली, तरी आले नाही.

सर तिसऱ्या दिवशी परतले. डाव्या कानानं त्यांना तेव्हापासून ऐकू येत नाही. लेख त्यांनीच लिहवून घेतला असं ठरलं, आणि विभागप्रमुखपद कायमचं गेलं.

पुढे मी त्यांना विचारलं, "सर, 'माहीत नाही' म्हणाला असतात तर सुटला असतात. तत्त्वासाठी खोटं बोलला नाहीत?"

"अगं, कसलं तत्त्व! घाबरलो होतो. दुसरं काही सुचलंच नाही."

सर, मान हलवून मला थांबवू नका. तुमच्या त्या कानाच्या बाजूला बसून मी वीस वर्षं याच संस्थेत नोकरी केली. पुढच्या महिन्यात माझ्या बढतीचा निर्णय आहे, आणि तो घेणारे व्यासपीठावर आहेत. तरीही सांगते. तो लेख माझा होता. एकटीचा.

आयोजकांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. शब्दांत काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. जे सांगितलं त्याबद्दल मात्र क्षमा मागायची आहे ती एकट्या सरांची. इतका उशीर केला म्हणून.